पोस्ट उडाली? आधी कोणी उडवली ते बघा

गोव्यात, डिचोलीच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेली स्क्रीन, सैल झालेली चार्जिंग पिन घेऊन माणसं येतात, तशी हल्ली ‘पात्रांव, म्हजी पोस्ट गेली’ म्हणतही येतात. त्याचे पैसे घेता येत नाहीत आणि वेळ मात्र जातो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं काम म्हणजे स्क्रीनशॉट. पोस्ट काढल्याची सूचना, तारीख, तक्रारीचा नंबर, सगळं. ती सूचना ‘ओके’ करून घालवलेली माणसं मला रोज भेटतात. मग मी विचारतो, कारण काय दिलं होतं? उत्तर येतं, काहीतरी इंग्लिशमध्ये होतं.

त्या ‘काहीतरी’तच सगळं असतं. पोस्ट तीन जण काढू शकतात: कंपनी तिच्या नियमाखाली, गाण्याचा मालक कॉपीराइटखाली, नाहीतर सरकार कायद्याखाली. तिघांची दारं वेगळी. लोक तिन्हीला सेन्सॉरशिप म्हणतात आणि चुकीच्या दारावर जाऊन डोकं आपटतात.

कंपनीच्या दाराची गोष्ट माझीच आहे. आमचं घुमट आरतीचं पथक आहे. घुमट म्हणजे तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य; त्याच्या साथीला मी शामेळ हे तालवाद्य वाजवतो. चवथीच्या आधी पथकाच्या पानावर नव्या घुमटाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता बकरीचं. घुमट हवं असल्यास फोन करा.’ दोन तासांत पोस्ट गायब. कारण: संरक्षित वन्य प्राण्यांची विक्री. पोरं खवळली. मीही त्याच तिरीमिरीत अपील लिहिलं, ‘हा गोव्याच्या संस्कृतीचा अपमान आहे.’ ते काही मिनिटांत फेटाळलं गेलं.

रात्री शांत झाल्यावर ती ओळ परत वाचली. घोरपड, कातडं, हवं असल्यास फोन करा. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, म्हणूनच तर आपण बकरीवर आलो. 2019 मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला, हे यंत्राला कुठून कळणार? त्यानं शब्द जुळवले आणि मोकळं झालं. खरं सांगायचं तर ओळ मीच गबाळी लिहिली होती.

दुसऱ्यांदा तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला भारतात असा अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव-पत्ता ॲपच्या मदत विभागात तळाशी असतो, सहज दिसेल अशा जागी नसतोच. या वेळी लिहिलं ते एवढंच: ‘फोटोतलं वाद्य मातीचं आहे. कातडं बकरीचं आहे. घोरपडीचा उल्लेख जुन्या पद्धतीबद्दल आहे. वन्य प्राण्याची विक्री नाही.’ सोबत पोस्टचा दुवा, सूचनेचा स्क्रीनशॉट आणि कातडं ताणून बांधतानाचा फोटो. राग नाही, संस्कृती नाही. नवव्या दिवशी पोस्ट परत आली. आमचे गणपती तोवर पोचवून झाले होते.

तक्रार अधिकाऱ्यानं नाही म्हटलं, तर त्याच्या उत्तरापासून 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. तिचं केंद्र सरकारचं पोर्टल 2023 पासून सुरू आहे, सगळं ऑनलाइन. म्हणून अधिकाऱ्याचं उत्तर जपून ठेवा.

कॉपीराइटचं दार सोपं. आरतीचे जुने शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण त्यांचं रेकॉर्डिंग एखाद्या कंपनीचं असतं. व्हिडिओत मागे स्पीकरवर ते वाजत असेल, तर चूक तुमचीच. तो आवाज काढा. स्वतः वाजवलेलं असूनही यूट्यूबनं दावा लावला, तर ‘डिस्प्यूट’ करा. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. दावा आणि स्ट्राइक एक नव्हे: दावा म्हणजे ‘यातलं गाणं आमचं’ असं समोरच्याचं म्हणणं, स्ट्राइक म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेली ताकीद. दाव्याला घाबरू नका. 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले तर मात्र चॅनल जाऊ शकतो.

तिसरं दार जड. ‘कायदेशीर मागणीमुळे भारतात उपलब्ध नाही’ असं दिसलं, की माझ्या दुकानात उपाय नाही. आयटी कायद्याच्या कलम 69अ खालचे, म्हणजे मजकूर अडवायचे सरकारी आदेश गोपनीय असतात. कधीकधी पोस्ट लिहिणाऱ्यालाही कारण मिळत नाही. इथे वकील लागतो. वाद अजून चालूच आहे. मुंबई उच्च न्यायालयानं, म्हणजे ज्याचं खंडपीठ आपल्या पर्वरीला आहे त्यानं, सप्टेंबर 2024 मध्ये सरकारी फॅक्ट चेक युनिटचा, म्हणजे सरकारच्या कामाबद्दलचा मजकूर खोटा ठरवणाऱ्या सरकारी पथकाचा नियम रद्द केला. वर्षभरानं कर्नाटक उच्च न्यायालयानं मजकूर काढायच्या नोटिसा कंपन्यांना पाठवणाऱ्या सरकारच्या ‘सहयोग’ पोर्टलविरुद्धची एक्सची (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरची) याचिका फेटाळली. मला विचाराल तर आदेश द्या, पण कारण तरी सांगा. आणि हेही कबूल करतो की गावातल्या एका मुलीच्या नावानं खोटं खातं निघालं, तेव्हा ‘ताबडतोब काढा’ म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होतो.

आता लोक म्हणतात, मग दुसऱ्या ॲपवर जाऊ. जा, पण बिऱ्हाड म्हणून. माझ्या भाच्याचे टिकटॉकवर शेकड्यांनी व्हिडिओ होते. 29 जून 2020 ला 59 ॲपवर बंदी आली, त्यात ते गेलं. दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स. गिऱ्हाईक रस्त्यावर आलं की शेजारचा दुकानदार शटर उघडतोच. मराठीत लिहायला बरं म्हणून काही जण ‘कू’ या ट्विटरसारख्या देशी ॲपवर गेले. ते 2024 च्या जुलैत बंद पडलं. डिसेंबर 2022 मध्ये ट्विटरनं फेसबुक, इन्स्टाग्राम, मॅस्टोडॉन अशा दुसऱ्या सोशल मीडियाच्या जाहिरातवजा लिंक टाकायला बंदी घातली आणि ओरड झाल्यावर लगेच मागे घेतली. त्या बंदीला नियम म्हणायचं की धंदा?

म्हणून भाच्याला आता सवय लावली आहे. व्हिडिओ फोनच्या कॅमेऱ्यात काढायचा, ॲपमध्ये नाही. ॲपचा शिक्का असलेला व्हिडिओ दुसरीकडे टाकला की तो कमी लोकांना दाखवतात. इन्स्टाग्रामनं हे 2021 मध्ये उघडच सांगितलं होतं. मूळ फाईल पेनड्राइव्हवर. दर तीन महिन्यांनी फेसबुकच्या सेटिंगमधून आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्यायची, यूट्यूबसाठी तेच काम गूगल टेकआउटवरून. फाईल मोठी असते, रात्री वायफायवर लावून झोपा.

आणि आरतीला बोलावणाऱ्या घरांचे फोन नंबर मी वहीत लिहितो. वही काउंटरच्या खालच्या खणात असते, जुन्या बॅटऱ्यांच्या डब्याखाली.