बाईक मिसिंग मारतेय? या चुका टाळा

गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके द्यायला लागली की पहिला बळी कार्बोरेटरचा (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग). कुणी थांबून झटका कसा आहे ते बघतच नाही. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन हळूहळू दम सोडतं. प्लगचा करंट तुटला तर चावी बंद-चालू केल्यासारखा खाडकन झटका बसतो, आणि मीटर इलेक्ट्रॉनिक असेल तर आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा चालत्या गाडीत शून्यावर आपटतो.

एका मित्राची 150 सीसी. कार्बोरेटर तीनदा साफ, दोन प्लग बदलले, टाकीतलं पेट्रोलसुद्धा काढून झालं. शेवटी मी मागे बसलो. पोफळीहून कुंभार्ली घाट चढताना चार वळणांत कळलं, झटका फक्त डावीकडच्या वळणाला! गाडी स्टँडला लावली, चालू ठेवली आणि हँडल डावीकडे टेकवलं. फट्, बंद. (आरपीएम वाढलं असतं तर एक्सलरेटरची केबल ताणतेय असं समजलो असतो.) हँडलच्या मानेपाशी किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर चिमटीत धरून हलकेच ओढली, तर तेवढाच तुकडा रबरासारखा लांबला. वरचं प्लॅस्टिक धडधाकट, आत तांब्याची तार तुटून हिरवी पडलेली. फॉगलॅम्प लावणाऱ्या हुशार माणसाने तिथे केबल टाय करकचून आवळला होता. नवीन वायरचा वीतभर तुकडा, सोल्डर, वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), आणि वळणाला पुरेल एवढी ढील. खर्च चहा-वड्याएवढा.

दुसरी चीड आणणारी चूक म्हणजे वायर जोडलेली आहे सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या ‘बीप’वर विश्वास. वायरचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर बीप देतो. लोड आला की तोच तंतू दगा देतो. मी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते बघतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, चावी आणि लाइट चालू. 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट खोला. चासी रंगवून आणली असेल तर बोल्टखाली रंग सापडतोच. तेवढी जागा घासून चकचकीत करायची.

बाकी थोडक्यात. वायर पिळून टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. कप्लरच्या (वायरी जोडणाऱ्या सॉकेटच्या) पिना पॉलिश पेपरने घासू नका, मुलामा जातो; कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. धुताना प्रेशर पंप थेट प्लग कॅपवर नको. आणि चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढणाऱ्यांना तर माझ्या पान्यांना हात लावू देत नाही. रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा भाग) जातो, कधी ईसीयूसुद्धा (इंजिनचा कॉम्प्युटर).

नेमका दोष सापडत नसेल तर रात्री दिवे घालवून प्लगच्या जाड वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा. इन्सुलेशन फाटलेलं असेल तिथून निळी ठिणगी उडताना दिसते.