इंदूरहून लिव्हरपूलचा सामना पाहताना संघाची कामगिरी कशी जोखावी

इंग्लंडमधला फुटबॉल संघ लिव्हरपूल जिंकला की संघ उत्तम खेळला आणि हरला की सगळेच बिघडले, असे ठरवून मोकळे होणारे पाठीराखे इंदूरमध्ये पुष्कळ भेटतात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण रात्र जागून पाहिलेल्या नव्वद मिनिटांतून त्यांच्या हाती फक्त निकाल उरतो, आणि निकाल सकाळच्या वर्तमानपत्रातही मिळाला असता. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या या शहरात आपली नजर क्रिकेटवर घडली आहे. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूचा हिशेब धावफलकावर चढतो, त्यामुळे धावफलक वाचणाऱ्यालाही सामना बऱ्यापैकी कळतो. फुटबॉलमध्ये ऐंशी मिनिटांचे चोख काम फलकावर उमटतच नाही आणि एका क्षणाची ढिलाई मात्र कायमची नोंदली जाते. म्हणून संघावर मनापासून जीव असणाऱ्याने खेळ पाहण्याची आणि त्यावर मत बनवण्याची एक पद्धत अंगी बाणवायला हवी. मी लिव्हरपूलचा पाठीराखा असल्यामुळे उदाहरणे त्याच संघाची घेतली आहेत. पद्धत कोणत्याही संघाला लागू पडेल.

सामन्यापूर्वीची तयारी

पहिले काम वेळेचे. इंग्लंडमधले घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येते. त्यामुळे तिथला शनिवारी दुपारी तीनचा सामना ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, तर डिसेंबर-जानेवारीत रात्री साडेआठला सुरू होतो. युरोपातल्या अव्वल संघांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेचे तिथले रात्री आठचे सामने आपल्याला साडेबाराला किंवा हिवाळ्यात चक्क दीडला पाहावे लागतात. थंडीत सराफ्यात गराडू खाऊन घरी परतल्यावरही दीडचा सामना गाठता येतो, हे इंदूरकराचे भाग्यच. तरी अशा दिवशी संध्याकाळी दोन तास झोप काढलेली बरी, कारण पेंगुळलेल्या डोळ्यांना चेंडू तेवढा दिसतो, खेळाडूंच्या जागा दिसत नाहीत.

सामन्याच्या साधारण तासभर आधी अकरा खेळाडूंची नावे जाहीर होतात. ती वाचून कोण बाहेर बसला याची हळहळ करण्याऐवजी एका कागदावर दोन प्रश्न लिहा: आज आपला संघ चेंडू मागून पुढे कोणाच्या पायांतून नेणार, आणि आपल्या बाजूच्या बचावपटूंपैकी कोणी पुढे गेला तर त्याच्या मागची मोकळी जागा कोण सांभाळणार? एप्रिल २०२३ पासून तेव्हाचे प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी उजव्या बाजूचा बचावपटू ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड याला चेंडू आपल्या ताब्यात असताना मधल्या फळीत आणायला सुरुवात केली, तेव्हा हा दुसरा प्रश्न प्रत्येक सामन्यात विचारण्यासारखा झाला. ट्रेंट आत आला की उजवीकडचा सगळा पट्टा मोकळा पडे आणि तिथवर धावण्याची जबाबदारी मधला बचावपटू इब्राहिमा कोनाते याच्यावर येई. कोनातेला उशीर झाला की टीका ट्रेंटवर होई, आणि ट्रेंटच्या पासमधून गोल झाला की कोनातेने मागे केलेले काम कोणाच्या लक्षात येत नसे. उत्तरे आधी लिहून ठेवल्याने सामना आपल्या इच्छेशी ताडून न पाहता आपल्या समजुतीशी ताडून पाहता येतो, आणि दोहोंत फार मोठा फरक आहे.

नजर चेंडूवरून काढा

पहिली पंधरा मिनिटे चेंडूकडे मुद्दाम कमी पाहा. हे सुरुवातीला जड जाते, कारण कॅमेरा चेंडूमागेच धावत असतो. तरीही पडद्याच्या कडेला नजर ठेवली की बरेच हाती लागते. आधी बचावफळी पाहा. चौघेजण एकाच दोरीला बांधल्यासारखे पुढे-मागे सरकत असतील, तर संघाची सुरुवात चांगली आहे असे समजा. बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकचे मोठेपण त्याच्या टॅकलमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून चेंडू काढून घेण्यात, जितके आहे, त्याहून जास्त ते टॅकल करण्याची वेळच येऊ न देण्यात आहे. चेंडू समोरच्या गोलजवळ असतानाही तो हात करून शेजाऱ्याला दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे सरकवत असतो. जानेवारी २०१८ मध्ये तो आल्यानंतर लिव्हरपूलचा बचाव किती बदलला, हे त्याच्या या हातवाऱ्यांवरून कळते.

मग मधली फळी. समोरच्या गोलरक्षकाने चेंडू बाजूच्या खेळाडूकडे दिला की आपले खेळाडू एकत्र धावून जातात का, हे पाहा. एकजण धावला आणि बाकीचे जागेवरच राहिले, तर त्या धावण्याचा उपयोग नाही. समोरचा संघ एका पासमध्ये त्याला ओलांडून जातो. तिघे-चौघे एकाच वेळी धावले आणि मागची फळीही तितकीच पुढे सरकली, तर चेंडू काही सेकंदांत परत मिळतो किंवा घाईने मैदानाबाहेर जातो. यालाच प्रेसिंग म्हणतात. क्लॉपनंतर अर्ने स्लॉट प्रशिक्षक म्हणून आल्यावर हे धावणे अधिक निवडक झाले आणि चेंडू ताब्यात ठेवून सामना शांत करण्यावर भर आला. २०२४-२५ मध्ये रायन ग्राव्हेनबर्ख मधल्या फळीच्या मुळाशी खेळू लागला. त्याला पाहताना एकच गोष्ट हेरा: पाठीवर प्रतिस्पर्धी असताना तो चेंडू घेऊन वळतो की आल्या पावली मागे देतो. तो वळत असेल तर समोरच्या संघाचा एक खेळाडू तिथेच मागे पडलेला असतो. त्या हंगामात लिव्हरपूलने चार सामने शिल्लक असताना इंग्लंडच्या लीगचे आपले विसावे विजेतेपद नक्की केले, त्यामागे अशा कितीतरी वळणांचा वाटा आहे.

आक्रमण जोखताना तर ही सवय फारच लागते. रामबागेत आमच्या घरी माझे काका माझ्यासोबत सामना पाहायला बसत. आयुष्यभर क्रिकेट पाहिलेले असल्याने त्यांना प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आकडा हवा असे. रॉबर्टो फर्मिनोबद्दल ते हटकून विचारत, "अरे, नऊ नंबरचा खेळाडू ना हा? मग गोल का करत नाही?" मी म्हणत असे, "काका, तो मागे आला की त्याच्यावर लक्ष ठेवणारा बचावपटू कुठे जातो, तेवढंच बघा." फर्मिनो मागे मधल्या फळीत येई, त्याच्यामागे मधला बचावपटू ओढला जाई आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत डावीकडून सादिओ माने, उजवीकडून मोहम्मद सलाह शिरत असत. २०१८-१९ मध्ये या दोघांनी लीगमध्ये प्रत्येकी २२ गोल केले. त्या गोलांच्या यादीत फर्मिनोचे नाव शोधून त्याचे मोल ठरवणे म्हणजे सामना न पाहताच मत देणे होय. काकांनी पुढे स्वतःच मला हाका मारून ती रिकामी जागा दाखवायला सुरुवात केली.

एक गोल पुन्हा पाहण्याजोगा

७ मे २०१९ रोजी ॲनफिल्ड या लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्ध झालेल्या दुसऱ्या सामन्यातला चौथा गोल या अभ्यासासाठी पुन्हा पाहा. पहिल्या सामन्यात लिव्हरपूल ०-३ असे हरले होते. सलाह आणि फर्मिनो दोघेही दुखापतीमुळे बाहेर होते. दिवोक ओरिगीचा एक आणि मध्यंतरानंतर उतरलेल्या जॉर्जिनिओ वाइनाल्डमचे दोन असे तीन गोल होऊन दोन्ही सामन्यांचे मिळून गोल बरोबरीत आले होते. ७९व्या मिनिटाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायचा फटका, मिळाला. सीमेवरच्या मुलाने चेंडू चटकन परत दिला. ट्रेंटने तो कोपऱ्यात ठेवला आणि दुसऱ्या कोणाला कॉर्नर घ्यायला सोडावे तसा तो तिथून दूर निघाला. दोन-चार पावलांतच तो मागे वळला आणि त्याने चेंडू जमिनीलगत आत धाडला. ओरिगी तेवढा जागा होता. त्याने आल्या चेंडूवरच फटका मारला.

हा गोल पहिल्यांदा ट्रेंटसाठी पाहा, दुसऱ्यांदा ओरिगीसाठी, आणि तिसऱ्यांदा फक्त बार्सिलोनाच्या बचावपटूंसाठी. कोणी पाठ फिरवून उभा आहे, कोणी सोबत्याशी बोलतो आहे, गोलरक्षक अजून आपल्या माणसांची मांडणी करतो आहे. संघाची एकाग्रता म्हणजे काय, हे समजण्यासाठी मला याहून चांगला धडा ठाऊक नाही. आपला संघ कॉर्नरवर बचाव करत असताना चेंडू मारण्याआधीच्या पाच सेकंदांत आपले खेळाडू कुठे पाहत आहेत, हे त्यानंतर मी प्रत्येक सामन्यात तपासतो.

आकडे कसे वाचावेत

सामना संपल्यावर येणाऱ्या आकड्यांत सर्वांत कमी उपयोगाचा आकडा म्हणजे चेंडूवरील ताब्याची टक्केवारी. आघाडीवर असलेला संघ अनेकदा जाणूनबुजून चेंडू सोडतो, आणि आपल्याच अर्ध्या भागात आडवे पास देत राहूनही टक्केवारी वाढते. त्याहून उपयोगी आहे अपेक्षित गोलांचा आकडा, ज्याला सगळे एक्सजी म्हणतात. प्रत्येक फटका कोठून, कशा स्थितीत मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता शून्य ते एक या दरम्यान मांडतात. पेनल्टीसाठी ती पाऊणच्या थोडी वर असते, तर पंचवीस मीटरवरून गर्दीतून मारलेल्या फटक्यासाठी अगदी नगण्य. त्यांची बेरीज पाहिली की संघाने खरोखर संधी निर्माण केल्या की लांबून नुसते फटके मारले, हे समजते. पण हा आकडाही एका सामन्यावरून निवाडा करण्यासाठी नाही. आठ-दहा सामने एकत्र घेतले की तो बोलू लागतो.

२८ मे २०२२ चा पॅरिसमधला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना या दृष्टीने पाहावा. मैदानाबाहेरच्या गोंधळामुळे तो अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. लिव्हरपूलने वीसहून अधिक फटके मारले. रेयाल माद्रिदच्या थिबॉ कोर्तुआने त्यांतले नऊ अडवले. सादिओ मानेचा एक फटका त्याच्या बोटांना लागून खांबावर आदळला. रेयालने मोजकेच फटके मारले आणि ५९व्या मिनिटाला व्हिनिसियस ज्युनिअरच्या एका गोलावर सामना जिंकला. त्या रात्री मनाला फार लागले, आणि आजही तो सामना पाहताना लागते. तरीही पाठीराख्याने दोन्ही गोष्टी लिहायला हव्यात. पहिली ही की संघाने विजयास पुरेशा संधी निर्माण केल्या आणि समोर एक असामान्य गोलरक्षक उभा होता. दुसरी ही की फेडेरिको व्हाल्व्हर्देचा चेंडू उजवीकडून गोलसमोर आला, तेव्हा दूरच्या खांबाजवळ व्हिनिसियस ट्रेंटच्या पाठीमागे मोकळा होता. पहिले वाक्य लिहून दुसरे टाळणारा आपल्या संघाची बाजू घेतो खरी, पण त्याला संघ कळत नाही.

याच्या उलट टोकाचा सामना ४ ऑक्टोबर २०२० चा. आदल्या हंगामात ९९ गुणांनी विजेते झालेले लिव्हरपूल ॲस्टन व्हिलाकडून २-७ असे हरले. नेहमीचा गोलरक्षक ॲलिसन जखमी होता आणि त्याच्या जागी आलेल्या ॲड्रियनच्या चुकीच्या पासवर पहिला गोल झाला, म्हणून बहुतेकांनी दोष तिथेच ठेवला. तो सामना पुन्हा पाहिल्यास खरी दुखणी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दिसतात: पुढचे खेळाडू चेंडूवर दबाव टाकत नव्हते, आणि बचावफळी मात्र दबाव असल्यासारखी मध्यरेषेजवळ उभी होती. पास देणाऱ्याला मान वर करून पाहायला वेळ मिळाला की पुढे सरकलेल्या बचावफळीच्या मागची सगळी जागा त्याची होते.

पंचांचा विषय

पंचांचा निर्णय चुकला तर तो एकदाच लिहा आणि पुढे पाहा. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा वैध गोल ऑफसाइड (पास दिला जाताना बचावफळीच्या पुढे उभा) ठरवला गेला. मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीत व्हिडिओ पंचांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले आणि खेळ सुरू झाला. ही मानवी चूक असल्याचे पंचांच्या संस्थेने नंतर मान्य केले. अन्याय झाला, यात वाद नाही. पण त्याच सामन्यात दोन खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेल्यावर उरलेल्या नऊ जणांनी बचावाची जी भिंत उभी केली, ती भरपाई वेळेतल्या स्वयंगोलापर्यंत टिकली. अन्यायाच्या चर्चेत तो बचाव पाहायचा राहून गेला असेल, तर तो सामना पुन्हा लावा.

सामना संपल्यावर

मत लगेच देऊ नका. दुसऱ्या दिवशी छप्पन दुकानला पोहे खाताना मित्र विचारतीलच. तोपर्यंत आपल्यावर झालेला प्रत्येक गोल वीस सेकंद मागे नेऊन पाहून घ्या. गोलच्या क्षणी जो खेळाडू पडद्यावर दिसतो, त्याची चूक बहुधा शेवटची असते, पहिली नसते. पहिली चूक कोठे झाली ते एका ओळीत लिहा. विजय मिळाला असेल तेव्हा हे अधिक काटेकोरपणे करा, कारण जिंकलेल्या सामन्यातल्या चुका कोणी शोधत नाही आणि पुढचा प्रतिस्पर्धी मात्र त्याच शोधून येतो. पाच-सहा सामन्यांच्या अशा ओळी एकाखाली एक वाचल्या की एकच जागा किंवा एकच सवय पुन्हा पुन्हा येताना दिसेल. प्रशिक्षकाने ती दुरुस्त केली की नाही, हे पुढच्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्या तासात तपासा.