खार कुठली ते ओळखायचं कसं?
खार दिसली की आधी पाठ बघा. तीन फिकट पट्टे असतील तर तिपट्टी, त्यांच्या दोन्ही बाजूंना अजून एकेक पुसट पट्टा असेल तर पाचपट्टी, घाईत हेच दोन सुटतात म्हणून फोटो झूम करा. दोघींचा जीनस (जवळच्या जातींचा गट) एकच, फुनाम्ब्युलस. पट्टेच नाहीत, पाठ तांबूस, शेपूट लांबलचक झुपकेदार? मग शेकरू, शास्त्रीय नाव रातुफा इंडिका! फॅमिली (कुळ) खारीचीच, सबफॅमिली (उपकुळ) वेगळी. भीमाशंकरला जमिनीवर शोधू नका, ते झाडावरून क्वचितच उतरतं, शेंड्याकडच्या बारीक फांद्यांत काटक्या-पानांचं गोल घरटं शोधा, एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं त्यामुळे एखादं रिकामं वाटलं तरी आसपास थांबा, आणि प्लीज झाड हलवू नका.