आज्याची सिंगल बॅरल ६५ वरून ७० ला न्यायची असेल तर घरून निघण्याआधी

रामराम मंडळी. रावेरकडे आमची केळीची बाग आहे, रात्री सातपुड्याकडून डुकरं उतरतात म्हणून आज्याने कधीकाळी बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) सिंगल बॅरल, म्हणजे एकनळी बंदूक घेतलेली, ती आता वारसाने माझ्या लायसनवर आहे. तिचं चेंबर, म्हणजे नळीत मागे काडतूस बसतं तो भाग, ६५ मिलीमीटरचं. ७० ची काडतुसं चालावीत म्हणून ते ७० चं करून घ्यायला निघालो आणि पहिल्या खेपेला असा काही गोंधळ घातला की अजून घरात त्यावरून टोमणे बसतात. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी लायसन काढा आणि त्यावरचा एरिया वाचा, म्हणजे बंदूक कुठल्या हद्दीत नेता येते ते. बंदुकीचा नंबर नंतर, युआयएन (लायसनधारकाचा ओळख क्रमांक) नंतर, तारीख नंतर, आधी एरिया. माझ्या लायसनवर फक्त महाराष्ट्र होतं आणि मी नातेवाइकाने सांगितलेल्या इंदूरच्या कारागिराकडे निघालो, बुऱ्हाणपूरच्या रस्त्याने, जसं काही बाजाराला चाललोय. आमचं अर्धं गणगोत तिकडे, लग्नकार्याला आठवड्याला जाणं-येणं, हद्द बिद्द डोक्यातच येत नाही भो. नाक्यावर गाडी थांबवली, साहेबांनी लायसन उघडलं, एकाच ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसले. तीन तास बाकड्यावर. चूक शंभर टक्के माझी होती, साहेब समजूतदार होते म्हणून परत पाठवलं, नाहीतर सरळ आर्म्स अ‍ॅक्ट. तर एरिया बघा. बाहेर जायचंच असेल तर कलेक्टर ऑफिसला अर्ज देऊन एरिया वाढवून घ्या, नाहीतर राज्यातलाच लायसनवाला कारागीर शोधा, मी शेवटी तेच केलं.

लायसनवाला हा शब्द पण नीट वाचा. बंदूक दुरुस्त करायला, बदलायला, टेस्ट करायला कारागिराकडे स्वतःचं लायसन लागतं, गावातला लेथवाला कितीही हुशार असला तरी नाही म्हणजे नाही. चेंबर वाढवलं तरी बोअर बाराच राहतो, तरीपण आर्म्स शाखेत आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या, तोंडी हो ला काही अर्थ नाही. मूळ लायसन, झेरॉक्स, आधार, हे सांगायला नको.

आता बंदुकीचं. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि इथेच लोक फसतात, मीपण फसलो. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड घडी घालून दाबलेलं असतं, त्यामुळे ते जेमतेम ५८-६० मिलीमीटर भरतं. ७० हा आकडा उडाल्यानंतर तोंड उघडलं की जी लांबी होते तिचा. चेंबर आखूड असेल तर ते तोंड पुढे नळी जिथे निमुळती होते तिथे जाऊन उघडतं, वाट अडते, आणि छर्रे तिथूनच जाणार म्हटल्यावर दाब वाढतो. मी नाल्यात एक बार काढला तर खांदा निळा झाला आणि काडतुसाचा रिकामा खोका अडकला, गज घालून बाहेर काढला तर तोंडाच्या झालरी झालेल्या, झेंडूसारख्या. काडतूस आत गेलं म्हणजे जमलं असं समजू नका.

पुढचं लाकूड काढा, नळीच्या खालच्या बाजूचे शिक्के बघा, फोटो काढून ठेवा. जुन्या विलायती नळीवर बऱ्याचदा अडीच इंच असं चेंबर लिहिलेलं असतं, म्हणजेच ६५. नायट्रो प्रूफचा (आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याचा) शिक्का नसेल, किंवा नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल, म्हणजे दमास्कसची नळी, तर विषय तिथेच बंद करा, ती जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूच्या जमान्यातली चीज आहे, भिंतीवर शोभते. नळी बंद करून उजेडासमोर धरा, मागच्या पाटापाशी, म्हणजे नळीचं मागचं तोंड जिथे टेकतं तिथे, फट दिसते का, हलवून बघा खिळखिळी आहे का. दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक भागाला, चीर असेल तर ती आधी दुरुस्त करा, कारण धक्का वाढणार आहे. आणि कारागिराला नळीची जाडी चेंबरच्या पुढे मोजायला लावा, आतून धातू तिथलाच जाणार आहे, जाडी नसेल तर तो नाही म्हणेल, जो न मोजता हो म्हणतो त्याच्याकडून उठून या.

खरं तर ६५ चीच काडतुसं मिळत असतील तर हा उपद्व्याप करूच नका. खडकीच्या कारखान्यात बारा बोअरची काडतुसं बनतात, दुकानात विचारताना बोअरसोबत लांबीपण सांगा, आमच्याकडे कोणी सांगतच नाही. आणि ७० झाली म्हणून डुकरावर रोखायची नाही, वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय काही नाही.

निघायच्या दिवशी बंदूक उघडून रिकामी बघा, दोनदा, कव्हरमध्ये घाला, काडतुसं घरी. निवडणूक लागलीय का बघा, आचारसंहितेत बंदुका जमा करायला लावतात, त्या दिवसांत रस्त्यावर घेऊन फिरू नका. एरिया बघितला ना? मधे शॉर्टकट म्हणून रस्ता हद्दीपलीकडून जात असेल तर तोपण चालणार नाही, मॅपला लायसन कळत नाही.

देताना पावती, त्यावर नंबर. घेताना चेंबर मोजून दाखवायला सांगा, प्रूफ टेस्ट (जास्त दाबाला नळी टिकते का याची चाचणी) झाल्याचा कागद घ्या, पहिला बार त्यांचा, तुमच्या खांद्यावर नाही. नळीवर ७० चा आकडा उमटवून घ्या, जुना अडीच इंच तसाच राहिला तर पुढे नातू गोंधळेल. उरलेली ६५ ची काडतुसं चालतील, फेकू नका.