उन्हाळ्यात पहाटे एकदा टाकीकडे बघा

माशांच्या टाकीत एवढी झाडं आहेत, मग ऑक्सिजनची काळजी कशाला, असं वाटतं. पण झाडं ऑक्सिजन सोडतात ती उजेड असेपर्यंतच. दिवा बंद झाला की माशांसारखीच तीही तो नुसता वापरत राहतात. त्यात पुण्यातला एप्रिल-मे, पारा ४०च्या आसपास. आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणूनच मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसतात ते बहुतेक पहाटे, टाकीचा दिवा लागण्याआधी. दुपारी सगळं ठीक दिसतं, त्यावर विसंबू नका.

रात्री दिवा बंद करताना एअर पंप सुरू करा, झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तो थांबवा. कुजकी पानं काढा, खाणं थोडं कमी द्या. झाकणाऐवजी जाळी ठेवून वरून छोटा पंखा लावला तर पाणी एक-दोन अंशांनी तरी उतरतं. बर्फ मात्र कधीच नको, अचानक गारठा माशांना सोसत नाही.

पंख्यामुळे पाणी भराभर आटतं. भर घालताना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी औषधाने घालवा. टंचाईत सोसायटीत टँकर आला असेल तर ते पाणी बरेचदा बोअरचं, जड म्हणजे जास्त क्षारांचं असतं. एकदम बदलू नका, थोडं थोडंच मिसळा.