नवीन नर्सची पहिली नोकरी: कागद, अर्ज अन् इंटरव्ह्यू, आपल्या विदर्भातल्या पोरापोरींसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नाहीतर बीएस्सी नर्सिंगचा रिझल्ट लागला की दोन दिवस पेढे चालतात अन् मग अख्खं गाव विचारायला लागते, लागली का बाई कुठं. त्या घाईत पोरी जो पहिला दवाखाना हो म्हणते तिथं जाऊन बसतात, पगार विचारत नाही, कागद विचारत नाही. मी वॉर्ड इन्चार्ज आहे, नवीन स्टाफ घ्यायचा असला की मेट्रन मॅडमच्या (दवाखान्यातल्या सगळ्या नर्सेसच्या मुख्य) बाजूला बसते, म्हणून टेबलाच्या या बाजूनं काय दिसते ते लिहून राहिली आहे. फाडफाड बोलणारी पायजे असं काही नाही. जिच्या भरवशावर रात्रीचा वॉर्ड सोपवला तर आपल्याला घरी झोप लागन, अशी पायजे. बाकी सगळं शिकवता येते.

आधी कागद. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं नसंल तर दुसरं काही करू नका, तेच करा. रिझल्ट लागल्यावर "करू ना, काय घाई आहे" म्हणत बसणाऱ्या पोरी दरवर्षी दिसतात, अन् सरकारी जाहिरात येते तेव्हा अर्जाच्या शेवटच्या तारखेला नंबर हातात नसतो, झालं, मार्क कितीही असो. खाजगीवाले कधीकधी रजिस्ट्रेशन यायच्या आधी ट्रेनी म्हणून ठेवतात, पण पगार ट्रेनीचाच देतात. दुसरी भानगड नावाची. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर तिसरं, अन् मधात लग्न झालं असंल तर आडनावही बदललं. हे सगळं एकदा समोर मांडून बघा, अक्षर न् अक्षर जुळवा, नाव बदललं असंल तर राजपत्र नाहीतर विवाह नोंदणीचा दाखला फाईलला लावा. जातीचा दाखला आहे पण व्हॅलिडिटी नाही, हे तर घरोघरी. जात पडताळणीला वेळ लागते, जाहिरात आल्यावर धावपळ करून मिळत नाही, आजच टाका. नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, तारीख पाहून ठेवा, एप्रिलमधे सेतूत रांग राहते. डोमिसाईल, टीसी, तिन्ही-चारी वर्षाच्या मार्कशीट, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र जिथं मागतात तिथं, हे सगळं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर टाका. मोबाईल चार्जिंगला लावलेला असताना लाईन गेली अन् फोन बंद पडला तर कॅफेवाल्याकडं तरी उघडता येईल.

आता अर्ज कुठं करायचा. सरकारी म्हटलं की लोकं एकच समजतात पण दारं वेगवेगळी आहेत. नागपूरचं मेडिकल अन् मेयो (दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजचे दवाखाने), मग यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाचे मेडिकल कॉलेज, यांची भरती वैद्यकीय शिक्षण विभागाकडून निघते. जिल्हा सामान्य रुग्णालय, उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालय हे आरोग्य विभागाकडं. दोन्हीकडं परीक्षा, अन् लागली तर मूळ पगार ३५,४०० पासून सुरू. नागपूरच्या मिहानमधल्या एम्सची गोष्ट वेगळी, तिथं नॉरसेट नावाची देशभराची परीक्षा राहते, पद नर्सिंग ऑफिसरचं, मूळ पगार ४४,९००. इथं एक नियम जीएनएमवाल्यांनी नीट वाचा: बीएस्सीवाल्या थेट बसू शकतात, जीएनएमला किमान ५० खाटांच्या दवाखान्यातला २ वर्षाचा अनुभव लागते. म्हणजे घराजवळ म्हणून पंधरा खाटांच्या दवाखान्यात दोन वर्षं काढली तर ती एम्सच्या कामाची नाही. पहिली नोकरी निवडताना हे डोक्यात ठेवा. (पोरांसाठी, एम्समधे ८० टक्के जागा बायांना राहतात, तेव्हा ब्रदर लोकांनी तेवढ्याच भरवशावर बसू नका.)

एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी जागा जिल्ह्यावर निघतात. स्टाफ नर्सला जाहिरातीत बहुतेक २०,००० मानधन लिहून राहते, करार ११ महिन्याचा, मग पुढं वाढवतात. जाहिरात जिल्हा परिषदेच्या नाहीतर जिल्ह्याच्या सरकारी वेबसाईटवर पाहा, व्हॉट्सॅपवर फिरणारा फोटो कधीकधी मागच्या वर्षीचा राहते, कधी पूर्ण खोटा. अन् अर्जाच्या फीचा डीडी ज्या नावानं काढायला सांगितला त्याच नावानं काढा, अक्षर सुद्धा बदलू नका, अर्ज तिथंच बाद होतो. कोणी म्हणालं की "साहेब आपले आहेत, दोन लाख दिले की ऑर्डर निघते," तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. शेत विकून दिलेले पैसे परत येत नाहीत.

सरकारीची वाट पाहत घरी बसायचं नाही, तोपर्यंत हात चालू ठेवायचा. सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय हे मोठे शिकवणारे दवाखाने आहेत, तिथं एका महिन्यात जेवढ्या केसेस बघाल तेवढ्या छोट्या जागी वर्षभरात दिसत नाही. नागपुरात धंतोली अन् रामदासपेठेत तर गल्लीगल्लीत दवाखाने. खाजगीत सीव्ही नुसता व्हॉट्सॅपवर पाठवून गप बसू नका, स्वतः जा. सकाळी आठ-नऊला राऊंडची धांदल राहते, तेव्हा कोणी ढुंकून बघत नाही, अकरा-साडेअकरानंतर जाऊन एचआर नाहीतर मेट्रन मॅडमला भेटायचं म्हणा. आता एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, नागपूर-वर्ध्याला चक्कर मारणं तेवढं जड जात नाही.

सीव्ही एक पान. अन् त्यात "मी प्रामाणिक, मेहनती, टीमवर्क करणारी आहे" हे लिहू नका, ते सगळ्यांच्याच सीव्हीत राहते, कॅफेवाल्याच्या कॉम्प्युटरमधलाच नमुना आहे तो. त्याऐवजी पोस्टिंग लिहा. मेडिसिन वॉर्ड कोणत्या दवाखान्यात केला, लेबर रूममधे किती महिने, आयसीयू पाहिला का, स्वतःच्या हातानं काय काय केलं. केस बुक सोबत न्या. एक पोरगी आली होती, बोलायला अगदी लाजरी, पण तिनं केस बुक उघडून डिलिव्हरीची नोंद दाखवली अन् बाळ रडलं नाही तेव्हा काय केलं ते सांगितलं, पुसलं कसं, कोरडं कसं केलं, श्वास द्यायची बॅग-मास्क कोणी धरली. मॅडमनं पुढचं काही विचारलंच नाही.

इंटरव्ह्यूला इंग्रजीची भीती सगळ्यांनाच. खरं सांगते, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी मराठी-हिंदीत चालते, औषधाची अन् प्रोसिजरची नावं तेवढी इंग्रजीत पायजे, स्पेलिंगसकट, कारण चार्टवर तेच लिहायचं आहे. तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी शहरातल्या पोरींकडं नाही, पेशंटची भाषा. म्हातारी म्हणते "जीव घाबरून राहिला", "पोटात कसंतरी होऊन राहिलं", तर तुम्हाला कळते ती काय सांगून राहिली. गडचिरोलीकडच्या असाल अन् गोंडी नाहीतर माडिया येत असंल तर सीव्हीत वरच्या भागात लिहा, लपवू नका बाप्पा.

प्रश्न काय येतात? थोडे ठरलेलेच आहेत. कॅन्युलाचे (सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) रंग अन् त्यांचे नंबर: हिरवा १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. कचऱ्याचे डबे: रक्त लागलेली ड्रेसिंग पिवळ्यात, आयव्ही सेट-कॅथेटर-ग्लोव्हज लालमधे, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काचेच्या वायल निळ्यात. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं अन् श्वास देणं) ३० दाब २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं. पोटॅशियम क्लोराईड डायरेक्ट शिरेत ढकलायचं का? कधीच नाही, पातळ करून हळूहळू, हे झोपेतही सांगता आलं पायजे.

थेंबाच्या हिशोबावर मात्र निम्म्या पोरी अडकतात. समजा ५०० एमएल सलाईन ८ तासात द्यायचं, सेट २० थेंबाचा, म्हणजे २० थेंब झाले की १ एमएल. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, त्याला ४८० नं भागलं की २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. सेट २० चा आहे का १५ चा ते पाकिटावर छापलेलं राहते, मायक्रो ड्रिप ६० ची. उत्तर देताना "सर, सेट कोणता आहे?" असं उलटून विचारलं तर समोरचा खूश होते, कारण वॉर्डात काम केलेलीच हे विचारते. आणि मनगटावर सेकंद काट्याचं घड्याळ घालून जा. थेंब मोजायला घड्याळ लागते, अन् मोबाईल वॉर्डात चालत नाही.

आपल्या भागात हमखास येणारा प्रश्न म्हणजे साप अन् फवारणी. सप्टेंबरमधे कपाशीवर फवारणी करणारा माणूस आणला, तोंडातून फेस, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या, काय कराल? पोरी सरळ "अॅट्रोपिन" म्हणून मोकळ्या होतात. अॅट्रोपिन बरोबर आहे, पण ते डॉक्टर सांगन. तुमचं काम त्याच्या आधी सुरू होते: श्वासाची वाट मोकळी, कुशीवर वळवा, सक्शन, ऑक्सिजन, आयव्ही लाईन, अन् अंगावरचे कपडे काढून अंग साबणपाण्यानं धुवा, ते करताना स्वतः ग्लोव्हज घाला कारण फवारणीचं औषध कातडीतून आत जाते. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून हा प्रश्न विचारल्याशिवाय आमच्या इकडचे डॉक्टर राहत नाही. सापाच्या केसमधे २० मिनिटाची टेस्ट सांगा: स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमधे २ एमएल ताजं रक्त, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायची, गोठलं नसंल तर लगेच डॉक्टरला सांगायचं. दोरी आवळून बांधलेली असंल तर एकदम सोडायची नाही, डॉक्टर समोर असताना अन् एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) तयार ठेवूनच सोडायची. गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरकडं सिकलसेलही (रक्ताचा आनुवंशिक आजार) विचारतात. त्या पेशंटचं दुखणं खरं राहते, नाटक समजून पेनकिलर लांबवायचं नाही, एवढं जरी बोललात तरी समोरच्याला कळते की तुम्ही वॉर्ड पाहिला आहे.

मग येतात फिरवाफिरवीचे प्रश्न. मॅडम विचारतील, "रात्री दोन वाजता डॉक्टरनं फोनवर इंजेक्शन सांगितलं, डोस तुम्हाला जास्त वाटला, काय कराल?" इथं "डॉक्टर म्हणतील तसं करीन" म्हणणारी आमच्या यादीतून खाली सरकते. म्हणायचं असं: "मॅडम, मी डोस परत वाचून दाखवीन, शंका आहे हे सांगीन, फाईलवर वेळ टाकून लिहून ठेवीन अन् तरीही पटलं नाही तर देण्याआधी सिनियर सिस्टरला उठवीन." आणि जे येत नाही ते येत नाही म्हणा, "बघितलं आहे, स्वतः केलं नाही, सिनियरसोबत करीन." व्हेंटिलेटर येते म्हणून ठोकून दिलं तर पुढच्या प्रश्नाला अलार्म कोणकोणते ते विचारतात, अन् मग चेहरा पाहण्यासारखा होतो.

कपडे साधे, नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, केस बांधलेले. झालं.

शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचं आहे का, अन् पोरी "नाही सर" म्हणून उठतात. काहून उठता? तिथंच विचारा: हातात पगार किती, पीएफ-ईएसआयसी कापता का (ईएसआयसी म्हणजे सरकारी कामगार विमा, पगार २१,००० पर्यंत असंल तर त्यात बसते), महिन्यात नाईट किती, एका नाईटला किती पेशंट एका सिस्टरवर, हॉस्टेल आहे का, पहिले काही आठवडे सिनियरसोबत ठेवता का एकटीला. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून २०१६ मधे जी कमिटी बसली तिनं ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी दवाखान्यातही नर्सला २०,००० च्या खाली पगार नको असं म्हटलं होतं. तालुक्याच्या ठिकाणी बोलणी त्याच्या बरीच खालून सुरू होते हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण आकडा माहीत असला तर निदान मान खाली घालून हो म्हणत नाही माणूस. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी हजार-दोन हजार कमी चालतील पण एकटीवर तीस पेशंटची नाईट चालणार नाही, तिथं शिकत काही नाही, फक्त घाबरत राहतो.

ओरिजिनल सर्टिफिकेट कोणाकडंच ठेवायचं नाही. दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल परत पिशवीत. एका दवाखान्यानं माझ्या मैत्रिणीची मार्कशीट अडकवून ठेवली, सरकारी व्हेरिफिकेशनची तारीख आली तेव्हा हातापाया पडायची वेळ आली तिच्यावर. बाँड (अमुक दिवस नोकरी सोडणार नाही असं लिहून देणं) असंल तर घरी नेऊन वाचा, सही तिथल्या तिथं करू नका, कोरा चेक तर अजिबात नाही. "सगळेच देतात" हे उत्तर नसते.

जॉईन झाल्यावर अपॉइंटमेंट लेटर घ्या, त्यावर पद "स्टाफ नर्स" लिहिलं आहे का बघा, काही ठिकाणी "असिस्टंट" टाकतात अन् मग तो अनुभव पुढं मोजताना अडचण येते. पगार बँकेतच घ्या, स्लिप मागा. अन् सोडायची वेळ येईल तेव्हा अनुभवाच्या सर्टिफिकेटवर जॉईन अन् सोडल्याची तारीख, कोणता वॉर्ड, दवाखान्याच्या खाटा किती, हे लिहून सही-शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. नंतर फोन केला की मेट्रन बदललेल्या राहतात, अन् नवीन मॅडम म्हणतात आम्हाला रेकॉर्ड सापडत नाही.