‘दे ना त्याला’ म्हणण्याऐवजी

दोन वर्षांच्या मुलाच्या हातातली गाडी दुसऱ्याने ओढली की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘दे ना त्याला, शहाणा ना तू!’ या वयात ‘माझं’ हा शब्द नुकताच सापडलेला असतो, त्यामुळे दिलेली वस्तू परत मिळेल यावर मुलाचा विश्वास नसतो. त्याला हावरट म्हणू नका. या वयाची मुलं बरेचदा एकमेकांशी नाही, तर एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्येच या ‘समांतर खेळा’चं वर्णन केलं होतं.

वाटून घ्यायला सांगण्यापेक्षा पाळी लावा. गाडी ज्याच्या हातात आहे त्याला म्हणा, ‘तुझं झालं की त्याला दे हं.’ थांबणाऱ्याच्या उंचीला खाली बसा: ‘तुला आत्ताच हवी होती. राग आला ना? थांबणं अवघड असतं.’ आणि त्याच्या हाताला काहीतरी काम द्या, ठोकळे रचायला, चेंडू ढकलायला. ‘पाच मिनिटं’ हे त्याला कळत नाही. ‘अजून तीन फेऱ्या, मग तुझी पाळी’ हे कळतं, कारण फेऱ्या दिसतात. मोठ्याने मोजा.

मारामारी, चावणं सुरू झालं तर मात्र बोलत बसू नका, आधी हात धरून थांबवा.

अगदी लाडकी बाहुली पाहुणी मुलं यायच्या आधीच कपाटात ठेवलेली बरी. आपण तरी आपला फोन कुणाच्याही हातात देतो का?